धोंडिराम जगतापांचा हात

धोंडिराम जगतापांचा हात मी पहिल्यांदा पाहिला तो नझीर ड्रायव्हरच्या गालावर. खरं म्हणजे आधी ऐकला. बहरीनमधल्या सित्रात आमच्या कंपनीच्या बस यार्डाला लागून माझ्या ऑफिसची पत्र्याची पोर्टाकेबिन होती आणि तिची एकुलती एक खिडकी यार्डाकडे उघडायची. नोकरीचा पहिलाच आठवडा. सकाळी खिडकीत चहाचा कप ठेवून कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघत होते, तेवढ्यात बाहेर फाडकन आवाज झाला. बघते तर खाकी शर्टातला एक बुटका, रुंद माणूस सहा फुटी नझीरसमोर उभा आणि नझीर गाल धरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. नझीरने मूठही उगारली. बुटक्याने समाधानाने मान हलवली, खिशातून बसची किल्ली काढली आणि त्याच्या त्या उगारलेल्या मुठीत कोंबली.

"यल्ला, चल. दम्मामची गाडी काढ."

आणि नझीर हसत, गाल चोळत गाडीकडे गेला!

माझं पित्त खवळलं. मी सांगलीची, आमच्याकडेही माणसं हाताला हलकी नसतात, पण सकाळच्या पारी नोकराला थोबाडायचं आणि वर त्याने हसायचं, हे मला काही झेपेना. मी तरातरा बाहेर गेले आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, की हा काय प्रकार आहे.

त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं. "ताई, मराठी हायत की तुम्ही. कुठल्या?"

"सांगलीची. आणि तुम्ही त्या माणसाला मारलंत."

"मारलं न्हाई. तपासलं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं आहे आणि कोणालाही ते आधी खरं वाटलेलं नाही. यार्डातून दोन तऱ्हेच्या बस सुटायच्या. एक लोकल, म्हणजे कामगारांच्या कॅम्पावरून रिफायनरीच्या पट्ट्यात आणि परत. दुसऱ्या लांब पल्ल्याच्या, समुद्रावरच्या पुलावरून सौदीत, दम्मामकडच्या साइटवर. ड्रायव्हर मात्र तेच ते. रात्रपाळीची लोकल मारून आलेला माणूस सकाळी लांबच्या गाडीवर चढायला बघायचा, कारण लांबच्या गाडीला मान होता. तोंड धुऊन, केस विंचरून, चहा ढोसून आला की तो ताजातवाना दिसायचा.

"दिसतंय म्हणून जागा असतोय का माणूस?" जगताप म्हणाले. "झोप आलेल्याला राग येत नसतोय, ताई. चापट बसली तरी बैलावानी उभा राहतोय. त्याला मी खोलीवर पाठवतो, झोप म्हणतो. जो उसळला त्याला किल्ली."

"ही तपासणी आहे का गुंडगिरी?"

"दोन्ही," म्हणाले.

मला ते रानटी वाटलं. आजही वाटतं. मी मॅनेजरकडे तक्रार केली. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "ॲक्सिडेंट मफी, तक्रार मफी. मग प्रॉब्लेम काय आहे, मॅडम?" म्हणजे अपघातही नाहीत आणि तक्रारीही नाहीत. तेही खरंच होतं.

जगताप परभणीकडचे. तिकडे एसटीत ड्रायव्हर होते, मग इकडे आले, बस चालवली आणि चढत चढत यार्डाचे फोरमन झाले. एसटी त्यांच्या अंगातून काही गेली नव्हती. यार्डातल्या रांगांना ते फलाट म्हणायचे. डावीकडचे फलाट लोकलचे, उजवीकडचे लांब पल्ल्याचे. गाडी लागली की पोटातून आवाज काढून स्वच्छ मराठीत पुकारा करायचे, "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी दम्मामकडे जाईल हो!" ऐकणारे बंगाली, नेपाळी, केरळी. एकालाही शब्द कळायचा नाही आणि एकही माणूस चुकीच्या गाडीत बसायचा नाही. मी एकदा म्हटलं, की निदान हिंदीत तरी बोला. तर म्हणाले, "शब्दावर येतेत का ते? आवाजावर येतेत."

पण हे असं गोड क्वचित. एरवी तो माणूस म्हणजे तापलेला तवा. टायरला लाथ मारून हवा तपासायचे आणि हवा कमी निघाली तर तीच लाथ टायरवाल्याच्या दिशेने जायची. एका ड्रायव्हरला गाडी चालवताना मोबाइलवर बोलताना त्यांनी पकडलं. मोबाइल काढून घेतला, त्याच्याच बसच्या मागच्या चाकाखाली ठेवला आणि म्हणाले, "आता घे गाडी पुढं." ड्रायव्हर रडकुंडीला आला. जगताप पान्हा हातात घेऊन दाराशी उभे. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या मोबाइलवरून बस नेली. तो चुरा नंतर बरेच दिवस फलाटावर पडलेला होता आणि येणारा जाणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याला वळसा घालून जायचा.

दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रायव्हरचं प्रकरण याहून वाईट. कॅम्पाच्या फाटकाशी त्याने दार लावायच्या आधीच बस हलवली आणि एका कामगाराचा पाय दारात अडकला. तो गडी लंगडत फरफटत गेला. जगतापांनी पुढे धावून बस अडवली, ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीतून त्या माणसाला कॉलरला धरून अर्धा बाहेर ओढला आणि तो तसा लोंबकळत असताना मारला. नाक फुटलं, दात पडला. चार जणांनी ओढून काढलं तेव्हा थांबले. पोलिसांनी नेलं. समेट होऊन सुटून आले तेव्हा मी म्हटलं, "एक दिवस हे लोक तुम्हाला विमानात बसवून परत पाठवतील."

"बसवू द्या. तिकडं बी गाड्या हायत," म्हणाले, आणि माझ्याच डब्यातली थालीपिठांची चवड उचलून खायला लागले.

ऑगस्टातला किस्सा सांगितल्याशिवाय मात्र मला पुढे जाता यायचं नाही, कारण त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल तक्रार करायचं सोडलं. इथला ऑगस्ट ज्याने भोगला नाही त्याला काही सांगण्यात अर्थ नाही. जगताप स्वतः त्या दिवशी दम्मामहून परतणाऱ्या गाडीत होते. पुलावर तपासणीची रांग लागली आणि गाडीचा एसी बंद पडला. नवी गाडी, काचा कायमच्या बंद, उघडायची सोयच नाही. दार उघडं ठेवलं तरी मागच्या बाकांपर्यंत वारा जाईना. मागे एक वयस्क सुतार आडवा झाला, मग त्याच्या शेजारचा. ड्रायव्हर म्हणत होता, ऑफिसला फोन करू, परवानगी घेऊ. जगतापांनी बाकाखालचा जॅकचा दांडा काढला आणि मागच्या काचेवर घातला. काच सहजी फुटेना. मग हे वेड्यासारखे घालत सुटले. एक काच, दुसरी काच, तिसरी. काचेचा पाऊस माणसांच्या अंगावर, आजूबाजूच्या गाड्यांमधले लोक घाबरून ओरडतायत, आणि हे कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, तरी फोडतायत. सुतार वाचला.

यार्डात आले ते तसेच, हाताला कोणाचा तरी गमछा बांधून. दवाखान्यात जा म्हणून मी ओरडत होते. त्यांनी आधी एसीच्या मेकॅनिकला शोधला. सकाळी न तपासताच गाडी "ओके" म्हणून पाठवली होती ना त्याने! त्याला त्याच रक्ताळलेल्या हाताने दोन ठेवून दिल्या. मग म्हणाले, "आता चला दवाखान्यात, ताई."

अशा माणसाला एक मुलगी होती. रेखा. तिचा फोन रोज यायचा आणि तो सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा ते स्पीकरवर लावायचे. तिला सकाळचा हिशोब द्यायचे, आज कोण उसळला, कोण बैलावानी उभा राहिला. ती तिकडे खिदळायची. तिचं लग्न झालं विलासशी. विलास गावाकडे शाळेची बस चालवायचा. सरळ, अबोल, शर्टाला कडक इस्त्री असलेला मुलगा. शाळेचं काम सुटलं तेव्हा रेखाने बापाकडे हट्ट धरला आणि जगतापांनी जावयाला व्हिसा काढून इकडे आणलं. "पप्पा, त्यांना सांभाळा," ती रोज फोनवर म्हणायची. "आणलेत तसे परत द्या मला."

"अगं, जिवापलीकडं सांभाळतो," हे म्हणायचे. आणि ते खरंच होतं. रेखाचा नवरा धडधाकट परत पाठवणे ही एकच गोष्ट त्या माणसाने आयुष्यात देवासमोर मागितल्यासारखी मागितली असेल.

विलास आला आणि यार्डातल्या लोकांना फुकटचा तमाशा मिळाला. साऱ्या दुनियेला थोबाडणारा फोरमन त्या पोराला "या, जावईबापू" म्हणायचा. स्वतःच्या खुर्चीवरून उठायचा. चहा आला तर पहिला कप जावयाला. विलास बिचारा संकोचाने अर्धा व्हायचा. "मामा, मी ड्रायव्हर आहे इथं," म्हणायचा. पण मामा कुठले ऐकतात! विलासकडे तेव्हा लोकल असायची आणि लोकलसाठी तपासणी नव्हती, त्यामुळे प्रश्न आला नाही. नझीरला मात्र तो आधीच दिसला होता. "उस्ताद," तो एकदा म्हणाला, "दामाद लंबी गाडीपे चढेगा, तब क्या करोगे?"

"जावयावर हात उचलत नसतेत," जगताप म्हणाले. इतक्या सहज, जणू पाणी खाली वाहतं हे सांगतायत. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्यात कोण उचलतं? लग्नात ज्याचे पाय धुतले त्याच्या गालावर हात कसा टाकायचा?

मग ती सकाळ आली. दम्मामच्या गाडीचा ठरलेला ड्रायव्हर व्हिसाच्या भानगडीत अडकला. मॅनेजरने फोन करून सांगितलं, की रात्रपाळीचा जो हाताशी असेल तो पाठवा. एरवी जगतापांनी त्या फोनवरच शिव्यांचा पट्टा सुरू केला असता. पण विलासच पुढे आला. रात्रभर लोकल मारून आलेला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "मी जातो, मामा." लांबच्या गाडीवर जायचं त्याच्या किती दिवस मनात होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी खिडकीत होते. ड्रायव्हरांची रांग थबकली. नझीर हळूच म्हणाला, "उस्ताद, चेक तो करो."

जगतापांचा हात वर गेला. मी तो पाहिला, खांद्याच्या रेषेपर्यंत गेलेला. विलास समोर उभा होता, हात बाजूला, डोळे किंचित लाल, चेहऱ्यावर काही नाही. हात तिथेच थांबला. मग खाली आला तो विलासच्या कॉलरवर. कॉलर एका बाजूने दुमडली होती, ती त्यांनी नीट केली.

"जपून जावा, जावईबापू," म्हणाले आणि किल्ली दिली.

गाडी पुलापर्यंतही पोचली नाही. पुलाच्या अलीकडे मालवाहू ट्रकांची रांग उभी असते. विलासची बस त्या रांगेतल्या शेवटच्या ट्रकच्या मागे जशीच्या तशी घुसली. ब्रेक लावल्याची खूणही रस्त्यावर नव्हती. मागचे लोक वाचले, कोणाचे हात मोडले, कोणाची कवटी फुटली, पण वाचले. ड्रायव्हरची बाजू मात्र डबा चेपावा तशी चेपली होती. नझीर जगतापांना घेऊन पिकअपने पोचला. पुढचं त्यानेच मला सांगितलं. मदतीच्या गाड्या यायच्या होत्या. जगतापांनी लोखंडी टॉमी घालून पत्रा उचकटायला सुरुवात केली. टॉमी वाकली तेव्हा नुसत्या हातांनी. नखं निघाली. आत विलास शुद्धीवर होता आणि गुरासारखा ओरडत होता, आणि जगताप त्याच्याहून मोठ्याने ओरडत होते, "आलो, जावईबापू, आलो, आलो!" ओढून काढला तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नुसता कातड्याने लोंबत होता. तो पुढे डॉक्टरांनी काढलाच.

संध्याकाळी जगताप यार्डात आले. मी अजून घरी गेले नव्हते. शर्ट रक्ताने वाळून कडक झालेला. कोणाकडे बघितलं नाही. वर्कशॉपमधून घण आणला आणि भिंतीवरच्या किल्ल्यांच्या कपाटावर घातला. पत्र्याचं कपाट ते, पहिल्याच घावाला उघडलं, किल्ल्या खळाखळा जमिनीवर. पण ते घालतच राहिले. भिंत पडायला लागली तरी घालत राहिले. एवढे दांडगे ड्रायव्हर, पण कोणी जवळ गेलं नाही.

मग घण तसाच हातात घेऊन ते मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. आता खून होतो, असं मला वाटलं. मॅनेजर भिंतीला चिकटला होता. जगतापांनी घण त्याच्या टेबलावर ठेवला.

"सांगितलं तुम्ही," म्हणाले. "पण किल्ली मी दिली." आणि निघून गेले.

त्यानंतर मी त्यांना कोणावरही हात उचलताना पाहिलं नाही. त्यांचं काम काढून घेतलं होतं. दिवसभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसायचे.

रेखा आली तेव्हा तिला आणायला मीच गेले. कंपनीत दुसरी मराठी बाई नव्हती. बारीक चणीची, बापाचीच हनुवटी घेऊन आलेली. गाडीतून उतरली ती थेट वॉर्डाकडे निघाली. व्हरांड्यात जगताप उठून उभे राहिले. तिने आधी नवऱ्याची चौकशी नाही केली. विचारलं ते असं, "पप्पा, त्या दिवशी तुम्ही त्यांना मारलं होतं का?"

"न्हाई, बाळा."

"का न्हाई?"

"जावई हायत."

रेखा बापाच्या अंगावरच गेली. दोन्ही मुठींनी छातीवर, खांद्यावर, तोंडावर मारत सुटली. "सगळ्या जगाला मारता! सगळ्याला मारता ना! मग माझ्याच नवऱ्याला का सोडलं? काय झालं असतं? रुसले असते! चार दिवस जेवले नसते! मी समजूत काढली असती की!" मी तिला मागून धरलं तर मला कोपर बसलं. जगताप हात खाली सोडून उभे होते. तिला थांबवत नव्हते आणि चेहराही वळवत नव्हते.

मधल्या काळात माझी वार्षिक सुट्टी आली. मी परत आले तेव्हा तिघंही गेले होते आणि यार्डात दुसरा फोरमन होता. त्यामुळे जगताप मला शेवटचे दिसले ते सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी, त्या वॉर्डात.

विलास तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जखम भरत आली होती. व्यायाम करून घेणारी फिलिपिनो मुलगी रोज वॉकर घेऊन यायची, गोड बोलायची, ओरडायची, शेवटी कंटाळून जायची. तो उठायचाच नाही. बोलायचाही नाही. डॉक्टरांनी रेखाला स्पष्ट सांगितलं होतं, की हा असाच पडून राहिला तर धड पायही कामातून जाईल, मग आम्हाला विचारू नका. मी डबा घेऊन गेले तेव्हा दारातच थांबले. आत रेखा पलंगाशी उभी होती, जगताप पायथ्याशी.

"मारा त्यांना," रेखा म्हणाली.

"रेखा..."

"पप्पा, मी बोलून बघितलं, रडून बघितलं, पाया पडले. ते ऐकायला तयार न्हाईत. मारा. तुमच्यामुळं पडलेत, तुम्हीच उठवा."

जगताप पुढे गेले. हात वर गेला. सगळ्या सित्राने खाल्लेला तो हात, नखं अजून नीट न आलेला. विलासची पाठ समोर होती, चादरीखाली एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट. "मारा!" रेखा किंचाळली. आणि त्या हाताने मारलं. स्वतःच्याच गालावर मारलं. पुन्हा मारलं. मग दोन्ही हातांनी, दोन्ही गालांवर, डोक्यावर, कपाळावर, दातओठ खाऊन, जीव खाऊन. पुलावर बसच्या काचा फुटताना मी पाहिल्या नव्हत्या, नुसतं ऐकलं होतं, पण त्या अशाच फुटल्या असणार. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं तरी थांबेनात. मी आणि रेखा दोघीही जागच्या हललो नाही.

विलासने मान वळवली. "मामा," म्हणाला. कितीतरी दिवसांत वापरला नसल्यामुळे आवाज फाटका येत होता. "मामा, नका. मामा!" मामांना ऐकू जात नव्हतं. विलासने चादर फेकली, पलंगाची दांडी धरली आणि एका पायावर जमिनीत उतरला. तोल गेला, दांडीला लोंबकळला, पुन्हा उभा राहिला, आणि पुढे झोकांडी खाऊन त्याने जगतापांचं मनगट धरलं. जगताप ते सोडवून घ्यायला हिसके देत होते, विलास सोडत नव्हता, आणि दोघंही आता पडतात असं वाटत असतानाच रेखाने कोपऱ्यातला वॉकर ओढला आणि त्यांच्यामध्ये सरकवला.

"धरा," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते मला कळलं नाही. दोघांनीही धरला.